नॉर्वेच्या जहाजाबद्दल मी दिलेला सल्ला

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय भूगोल. नांदेडला कॉलेजपासून दोन गल्ल्या सोडून एका खोलीत आम्ही दोघी राहायचो. माझी मैत्रीण लातूरची, बी.कॉम.ला. लातूरला एवढी कॉलेजं असताना ती नांदेडला कशाला आली, असं कुणी विचारलं की ती सरळ सांगायची, "अप्पांच्या नजरेखालून जरा सुटायला." तिच्या वडिलांचं लातूरला बाजारात भांड्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या वरच घर. मी नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरी सांगताना मला नेहमी अडखळायला व्हायचं. "भूगोल म्हणजे नकाशे का?" वडील विचारायचे. मी म्हणायचे, नकाशे पण आणि बाकीचं पण. त्यावर ते मान हलवायचे आणि शेतातल्या हळदीकडे बघायला जायचे.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी मैत्रीण फोन ठेवून म्हणाली, "आम्ही जहाजानं फिरायला चाललोय. जूनमध्ये. नॉर्वे."

"आम्ही म्हणजे कोण?"

"अप्पा, आई आणि मी. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली ना. अप्पा म्हणाले काशीला दोनदा जाऊन आलो, आता जरा लांब जाऊ." मग तिनं पलंगावर पाय पसरले आणि विचारलं, "नॉर्वे नेमकं कुठं आलं गं?"

मी वही काढली आणि तो किनारा काढून दाखवला. मला तो न बघता काढता येतो. वरपासून खालपर्यंत फाटलेल्या कापडाच्या काठासारखा तो आहे, आणि प्रत्येक फाटलेल्या जागी समुद्र आत शिरलेला आहे. या चिंचोळ्या जागांना फ्योर्ड म्हणतात. हजारो वर्षं हिमनद्यांनी डोंगर कोरून खोल दऱ्या केल्या, आणि बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र भरला. पहिल्या वर्षी आमच्या मॅडमनी माझी ही आकृती सगळ्या वर्गाला दाखवली होती. मी शाळेपासून कशातही पहिली आले नव्हते. त्या दिवशी खोलीवर येऊन मी ती आकृती पुन्हा एकदा काढली, कुणालाच दाखवायची नव्हती तरी.

आणि मी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते विष्णुपुरीच्या धरणाचं.

मैत्रिणीनं आकृती बघितली, "छान आहे," म्हणाली, आणि मोबाईलवर थंडीचे कोट बघायला लागली. चार दिवसांत कोट आला. जांभळा, गुडघ्यापर्यंतचा, टोपीला लव असलेला. नांदेडच्या जानेवारीत तो घालून ती खोलीत फिरली आणि घामाघूम होऊन तिनं तो खुंटीला अडकवला, माझ्या ओढणीशेजारी.

मला मत्सर वाटत होता. आज हे लिहायला सोपं आहे. तेव्हा मी त्याला वेगवेगळी नावं द्यायचे. डोकं दुखतंय, अभ्यास राहिलाय, असं काही. नळाला पाणी आलं की मी तिला नेहमी हाक मारायचे, कारण तिला झोप जास्त. त्या आठवड्यात दोनदा मारली नाही. माझी बादली भरून घेतली आणि गुपचूप वाचत बसले. तिनं दोन्ही वेळा शेजारच्या काकूंकडून पाणी आणलं आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. त्याचा मला आणखी राग आला.

घरी फोनवर आईला सांगितलं, मैत्रीण जहाजानं नॉर्वेला चाललीय. आई म्हणाली, "पान्यात कशाला जातेत? जमीन न्हाई का तिकडं?"

"जमीनच बघायला जातेत, पाण्यातून."

"मग रस्त्यानं जावं की," आई म्हणाली, आणि तिच्या दृष्टीनं विषय संपला. मला मात्र बरं वाटलं. कुणीतरी त्या सहलीला नाव ठेवलं होतं.

जहाज मात्र अजून ठरलेलं नव्हतं. काकांना, म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांना, एजंटनं दोन जहाजांची माहितीपत्रकं दिली होती आणि त्यांतलं एक निवडायचं होतं. शनिवारी मैत्रीण म्हणाली, "अप्पांनी तुला बोलावलंय. म्हणतेत, तुझी मैत्रीण भूगोलाची हाय, तिला कळंल." मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर नाही म्हणायचं नव्हतंही. ती पत्रकं मला बघायची होती.

लोहा, अहमदपूर, चाकूर करत आमची एसटी दुपारी लातूरला पोचली. आम्ही आधी दुकानातच गेलो. काका गल्ल्यावर होते, कपाळावर विभूतीचे पट्टे. समोर एक बाई पातेलं घेत होती. तिनं ते कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं वाजवलं, मग दुसरं वाजवलं, मग पहिलं घेतलं. काका काही न बोलता बघत होते. बाई गेल्यावर मला म्हणाले, "आम्ही लाख सांगू चांगलं हाय म्हणून. पण विकणाऱ्याला कधी विचारू नये पोरी. वापरणाऱ्याला विचारावं. आता जहाज वापरलेला माणूस आपल्या अख्ख्या गल्लीत न्हाई. म्हणून म्हणलं, निदान शिकलेल्या माणसाला विचारावं."

शिकलेलं माणूस म्हणजे मी. मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. आमच्या गावात माझं शिक्षण म्हणजे लग्नाला लागणारा उशीर, एवढीच त्याची किंमत. मी खाली बघून हसले.

रविवारी सकाळी काकांची पूजा झाल्यावर वरच्या खोलीत सतरंजीवर पत्रकं पसरली गेली. काकू, म्हणजे मैत्रिणीची आई, मोठ्या परातीत शेंगा सोलत बसल्या होत्या. मैत्रीण सोफ्यावर मोबाईल बघत पडली होती. काका मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हं. वाजवून बघ दोन्ही."

पहिलं जहाज भलंमोठं होतं. बारा-तेरा मजले, पोहायचे तलाव, नाचगाण्याचं थिएटर, आणि स्वयंपाकघरात भारतीय शाकाहारी आचारी. जूनमध्ये निघणार, पार वरच्या टोकापर्यंत जाणार. दुसरं लहान, जुनं दिसणारं. ते त्या किनाऱ्यावरच्या गावांना सामान आणि टपाल पोचवत जायचं आणि सोबत प्रवासीही न्यायचं. तलाव नाही, थिएटर नाही. जेवणात मासेच मासे.

मी आधी नकाशे बघितले. मोठ्या जहाजाची लाल रेघ किनाऱ्यापासून दूर, जवळजवळ सरळ गेली होती. तीन-चार मोठ्या बंदरांपाशी तेवढी आत वळली होती. लहान जहाजाची रेघ टाके घातल्यासारखी आत-बाहेर, आत-बाहेर करत सगळ्या किनाऱ्यावरून गेली होती. एके ठिकाणी ती इतक्या अरुंद फ्योर्डमध्ये शिरली होती की नकाशावर दोन्ही काठ रेघेला चिकटले होते. खाली लहान अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, मोठी जहाजं इथे येऊ शकत नाहीत. मी ते वाक्य दोनदा वाचलं, नीट समजलं ना याची खात्री करायला.

मिनिटभरात मला उत्तर कळलं होतं. किनारा बघायचा असेल तर लहान जहाज.

"काय म्हणतंय मग?" काकांनी विचारलं.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण प्रयत्न करते. माझ्या डोळ्यासमोर मैत्रीण आली, त्या अरुंद फ्योर्डमध्ये, जांभळा कोट घालून, कड्याकडे पाठ करून फोटो काढताना. आणि मला वाटलं, हे नको. बाकी सगळं बघा तुम्ही, पण तेवढं राहू दे. तेवढं माझ्यासाठी राहू दे. मी तिथे कधी जाणार होते? कधीच नाही. तरीही मला ते तसंच वाटलं.

"दोन्ही चांगली आहेत काका," मी म्हणाले. "मोठ्यात सोय जास्त आहे. जेवण पण आपलं मिळंल."

"बघायला दोन्हीत सारखंच का?"

"किनारा तर एकच आहे."

काकांनी मान डोलावली. मैत्रीण सोफ्यावरून म्हणाली, "मी आधीच सांगितलं होतं मोठंच घ्या म्हणून. पोहायला हाय त्यात."

मग काकूंनी शेंगा सोलता सोलता विचारलं, "तिकडं दिवस किती वाजता मावळतोय गं?"

काकूंचा सोमवार असायचा, हे मला माहीत होतं. फक्त श्रावणातला नाही, बाराही महिने. दिवसभर पाणी आणि चहा, आणि दिवस मावळल्यावर दिवा लावून, महादेवाला नैवेद्य दाखवून मग जेवण. मैत्रिणीच्या जन्माच्या आधीपासूनचं त्यांचं व्रत. जहाजावर दोन सोमवार येणार होते, त्याचा त्या हिशेब धरत होत्या.

आणि मला हेही माहीत होतं की जूनमध्ये त्या टोकाला दिवस मावळतच नाही. पृथ्वीचा कललेला आस आणि मध्यरात्रीचा सूर्य, हा आमच्या परीक्षेतला हमखास येणारा प्रश्न. मी त्यावर दीड पान लिहायचे, आकृतीसह.

"उशिरा मावळतो, काकू," मी म्हणाले.

"असू दे उशिरा. आपल्याला काय, बसायचंच हाय," काकू म्हणाल्या आणि परात हलवून टरफलं फुंकायला लागल्या.

दुपारी निघताना काकांनी मला दुकानातून एक स्टीलचा डबा दिला. तीन कप्प्यांचा, कड्या असलेला. मी नको नको म्हणत होते. काकांनी नाव घालायचं छोटं मशीन काढलं आणि डब्याच्या झाकणावर टकटक करत माझं नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. आमच्याकडे अहेराच्या भांड्यांवर असं नाव घालतात, देणाऱ्याचं. काकांनी घेणाऱ्याचं घातलं. "बिनानावाचं भांडं पंक्तीत हरवतंय," ते म्हणाले. "हे हरवणार न्हाई." मी वाकून नमस्कार केला. एसटीत तो डबा मांडीवर घेऊन बसले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा मैत्रिणीनं उतरून दोन उसाचे रस आणले आणि म्हणाली, "तू आलीस ते बरं झालं. न्हाईतर अप्पा महिनाभर वाजवत बसले असते." तो रस मला गोड लागला नाही. पुढे पंधरा दिवस मी डब्यात एकदाही जेवले नाही. पलंगाखाली ठेवला होता, झाकण भिंतीकडे करून.

पैसे भरायच्या आदल्या दिवशी सोमवार होता. संध्याकाळी मैत्रिणीचा फोन वाजला. ती आरशासमोर केस विंचरत होती, तिनं स्पीकरवर टाकला. काकू होत्या.

"तुझ्या मैत्रिणीला दे जरा."

"ऐकून राहिलीय ती. बोल."

"अगं माय," काकू मला म्हणाल्या, "आता उपास सोडायला बसले आणि तुझी आठवण आली. तू उशिरा मावळतो म्हणलीस, पण उशिरा म्हणजे किती? आठ? नऊ? उद्या एजंट येणार हाय दुकानात. त्याला सांगून ठेवते, सोमवारचं माझं ताट झाकून ठेवायला लावा म्हणून."

मला परत उशिरा म्हणता आलं असतं. नऊ म्हटलं असतं तरी चाललं असतं, उद्या पैसे भरले गेले असते. पण त्या ताट झाकून ठेवायला सांगणार होत्या. त्या मोठ्या जहाजावर कुणी आचारी ताट झाकून ठेवील, आणि काकू खिडकीपाशी बसून दिवस मावळायची वाट बघतील, असं सगळं मला दिसलं. मी म्हणाले, "काकू, तिकडे जूनमध्ये दिवस मावळतच नाही."



"मंजे?"

"मंजे रात्रभर ऊन असतं. सूर्य खाली येतो, पाण्याला टेकल्यासारखा होतो आणि परत वर जातो. दोन-अडीच महिने."

"आणि तू उशिरा मावळतो म्हणलीस."

"हो."

"तवा माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

मैत्रिणीचा कंगवा केसांतच थांबला. पलीकडे काकू मोठ्यानं म्हणाल्या, "अहो ऐकलं का, तिकडं दिवस मावळत न्हाई म्हणं."

"कोण म्हणतंय?" काकांचा आवाज आला.

"ही भूगोलाची पोरगी."

"मग तुझा सोमवार सुटायचा कवा?"

काकूंनी थोडा विचार केला असावा. मग त्यांनी मला विचारलं, "लातूरला दिवस मावळतो तवा तिकडं किती वाजलेले असतेत गं?"

मी मनात आकडे मांडले. "आपल्याकडे सात म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन."

"मग बरंच की. लातूरचा दिवस मावळला की माझा सोमवार सुटला. चहाच्या वेळेलाच जेवून घेईन."

"देवाला फसवून राहिलीस तू," काका म्हणाले.

"त्यात काय फसवायचं? देव हितं लातुरातच हाय. त्याला हितला दिवस मावळलेला दिसतोय की."

दोघं हसले. मी दीड पान लिहायचे त्या प्रश्नाचं उत्तर काकूंनी जेवायच्या ताटावर बसून काढलं होतं. जे लपवून मी पंधरा दिवस स्वतःला मोठी गुन्हेगार समजत होते, त्याची त्यांना अडचणसुद्धा वाटली नव्हती. मला थोडं हलकं वाटलं आणि थोडा अपमानही.

तिथेच थांबले असते तर चाललं असतं. पण एकदा सुरू झालं की मला मध्ये थांबता येत नाही.

"काका," मी म्हणाले, "जहाजाचं पण मी बरोबर सांगितलं नाही. मोठं जहाज अरुंद फ्योर्डमध्ये जात नाही. किनारा लांबूनच दिसतो. बघायला जायचं असेल तर लहान जहाज घ्या. ते पत्रकावर लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

मी मैत्रिणीकडे बघितलं नाही. "ते मला बघायचं होतं," मी म्हणाले. "मला जायला मिळणार न्हाई. म्हणून वाटलं, तुम्ही पण बघू नये."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.  

मग काका म्हणाले, "चीर गेलेलं भांडं वाजवून दाखवून विकलंस की पोरी तू."

"हो काका. डबा मी परत पाठवते."

"नाव घातलेलं भांडं कुठलाच दुकानदार परत घेत नसतोय," काका म्हणाले. "तुझ्याकडंच राहू दे तो. आणि जेव त्यात." मग काकूंना उद्देशून, "ह्या मोठ्या जहाजात आपला आचारी हाय, ते एक बरं होतं." काकू लगेच म्हणाल्या, "मला कशाला पाहिजे आचारी? कडक भाकरी महिनाभर टिकतेत. शेंगाची चटणी घेतली की झालं. मी मासे खाणारांच्या पंक्तीत बसून भाकरी खाईन." फोन बंद झाला.

मैत्रिणीनं कंगवा ठेवला. "पंधरा दिवस," ती म्हणाली. एवढंच.

दोन दिवसांनी लातूरहून निरोप आला. काकांनी लहान जहाज घेतलं होतं. जूनमध्ये त्याच्या सगळ्या खोल्या गेलेल्या होत्या. सप्टेंबरच्या फेरीत एकच खोली उरली होती, दोन बिछान्यांची. तीन माणसं त्यात मावत नव्हती, आणि लहान जहाजात तिसरा बिछाना घालायची सोय नव्हती. मैत्रीण जाणार नव्हती.

हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते मी लिहून ठेवते, कारण नाहीतर मागचं सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठाचं पाणी पोटात जातं तसं. मग लगेच मी स्वतःला रागावले, पण आधी बरं वाटलं होतं ते वाटलंच.

"झालं तुझ्या मनासारखं," मैत्रीण म्हणाली.

"मी खरं सांगितलं फक्त."

"खरं आधी सांगितलं असतंस तर जूनमध्ये दोन खोल्या मिळाल्या असत्या. आणि सांगायचंच नव्हतं तर शेवटपर्यंत सांगायचं न्हाई. मला कुठं ते फ्योर्ड बघायचे होते? मला पोहायचं होतं. बारा मजल्यांचं जहाज होतं ते."

"काकांनी विचारलं होतं, बघायला कुठलं चांगलं."

"आणि तू तेव्हा काय सांगितलंस?"

मी वहीची पानं चाळायला लागले. "खोटं बोललीस तेव्हा पण माझ्यावर जळूनच बोललीस," ती म्हणाली, "आणि खरं बोललीस तेव्हा पण. मला दोन्हीत फरक दिसत नाही." मला फरक दिसत होता असं मी म्हणू शकत नाही. त्या सोमवारी मी खरं बोलले ते काकूंच्या झाकलेल्या ताटासाठी, असं मला वाटतं. पण ती म्हणते तसंही असेल. मनात खोलवर कुठेतरी मी हिशेब केलेला असेल की सगळं मोडलं तर मोडू दे. मी पुष्कळ वेळा तपासून पाहिलं, मला सापडलं नाही.

ती माझ्याशी जवळजवळ दीड महिना बोलली नाही. खोलीत दोघी, आणि बोलणं फक्त कामाचं: गॅस संपलाय, भाडं दिलंय. तिनं मेस लावली. जांभळा कोट घडी करून लातूरला पाठवून दिला, आईसाठी. पाणी आलं की मी हाक मारायचे, दर वेळेला. ती उठायची, बादली भरायची, परत झोपायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला वाटलं, ती आता दुसरी खोली बघणार. जूनमध्ये तीच आधी आली, गादी उन्हात टाकून बसली होती. "अप्पा म्हणाले, खोली बदलायची न्हाई," ती म्हणाली. "म्हणाले, ती पोरगी तोंडावर कबूल तर झाली, तुझ्या बाकीच्या मैत्रिणी कवा होतेत?" हे सांगताना तिचा चेहरा काही गोड नव्हता.

सप्टेंबरात काका-काकू गेले. गणपती नुकतेच उठले होते. चौथ्या का पाचव्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मी अभ्यासाला बसले होते, मैत्रीण जेवून आडवी झाली होती. तिनं उचलला आणि माझ्याकडे न बघता फोन आमच्या दोघींच्या मध्ये धरला.

काकू जांभळ्या कोटात होत्या. टोपीच्या लवेतून त्यांचं कुंकू तेवढं दिसत होतं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "जहाज आत शिरून राहिलंय. भिंतीला हात लागंल असं वाटतंय." त्यांनी फोन फिरवला.

काळा ओला कडा. वरून खालपर्यंत, फोनच्या चौकटीत त्याचं वरचं टोक मावत नव्हतं. पाणी हिरवं आणि अगदी थांबलेलं. मी कितीतरी वेळा काढलेली ती उभी बाजू. पण मी ती नेहमी पेन्सिलीच्या एका रेघेनं काढायचे. तिथे भेगा होत्या, भेगांत झुडपं होती, एका खोबणीत पक्षी बसलेले होते.  मला वाटलं होतं, बघितल्यावर मत्सर कमी होईल. तो वाढला.

काकांनी फोन घेतला. "पोरी, हे सांग. ही एक दरी वरच तुटलीय. खालपर्यंत आलीच न्हाई. पाणी वरनं धप्पकन पडतंय. असं का?"

"लहान हिमनदीची दरी आहे ती काका. मोठीनं मुख्य दरी खोल खणली, लहानीला तेवढं खणता आलं नाही. बर्फ गेल्यावर लहानीचं तोंड वरच लोंबत राहिलं."

"आँ? आवाज तुटतोय."

मी परत सांगितलं, मोठ्यानं. काका काकूंकडे वळून म्हणाले, "मोठीनं खोल खणलं म्हणं, बारकीला जमलं न्हाई." शेजारी उभ्या असलेल्या एका गोऱ्या म्हाताऱ्या बाईंनाही ते हातवारे करून तेच सांगायला लागले. बाई मान हलवत होत्या. मग चित्र थिजलं आणि कॉल तुटला.

मैत्रिणीनं फोन गादीवर ठेवला. पंखा फिरत होता.

"बारकीला काय जमलं न्हाई?" मैत्रिणीनं विचारलं.

मी तिला वहीवर काढून दाखवलं. या वेळी तिनं नीट बघितलं, बोट ठेवून. मग म्हणाली, "मी असते तर मला हे कळलं पण नसतं."

"मग कशाला हळहळतेस?"

"तरी मी तिथं असते की." तिनं वही बाजूला सारली. "तुला राग येत न्हाई? ते तिथं, आपण हितं."

"येतो. लई येतो."

"मला पण. माझ्याच आईचा राग येऊन राहिलाय मला, माझाच कोट घालून फिरतीय." ती हसली, मग हसायची थांबली. "तुझ्यावरचा पण गेलेला न्हाई अजून. सांगून ठेवते."

"माहीत आहे."

फोन परत वाजला. दोघींनीही हात पुढे केला. तिचा आधी पोचला. तिनं पडदा स्वतःकडे धरला, आणि मला उठून तिच्या मागे जाऊन बसावं लागलं. तिच्या खांद्यामुळे मला अर्धाच किनारा दिसत होता. तिनं फोन हलवला नाही. मी पण सरक म्हटलं नाही. मान वाकडी करून, जेवढं दिसत होतं तेवढं बघत राहिले.